बिनगाठीची पिशवी

त्या साली आमच्या रानात हळदीसंगं गुटख्याचं पीक आलं.

खोटं सांगत न्हाई. माघाचा महिना, हळदीची काढणी चालू, आन् सकाळधरून वाकून माझं कंबरडं मोडून राहिलं व्हतं. आमचे हे, म्हंजी तातेराव, पुढं कुदळीनं गड्डे उचकीत चालले आन् म्या आन् सून पुनम मागून माती झाडून ढीग घालून राहिलो. गड्ड्याला मुळ्या असत्यात, त्या तोडाव्या लागत्यात. आवंदा मुळ्यांच्या जागी पन्नीच निघायली. दुधाच्या पिशवीचा तुकडा, शांपूची पुडी, आन् गुटख्याच्या पुड्यांचा तर हिशेबच न्हाई. एक गड्डा पुडीच्या तोंडातून आत शिरून तिथंच पोसला व्हता. पुडी फाटली न्हाई, हळदच वाकडी झाली.

ह्यायनं कुदळ टाकली, बांधावर हुबं राहिले आन् गावाकडं तोंड करून शिव्या घातल्या. "भाड्याहो! खाता तुमी आन् उगवतंय माझ्या रानात!" गाव अर्धा कोस लांब. ऐकलं ते बांधावरच्या होला पाखरानं.

"शेनखत कोनी टाकलं?" म्या इचारलं.

"आपनच टाकलं. आपल्याच उकिरड्याचं."

"मंग शिव्या बी घरी येऊन घाला. इथं घसा काहून कोरडा करता?"

पुनम पदर तोंडात घालून हसली. हे गुरगुरले आन् पुन्हा वाकले.

आमच्या गावात ज्याचा त्याचा उकिरडा हाये, गावाच्या कडेला, आज्या-पंज्यापासून. कोनाचा उकिरडा कोनता हे लेकरायला बी ठाव असतं. पयले शेन, राख, कडब्याची बुडखं, बास. वैशाखात गाडी भरली की हात घातला तरी मऊ लागायचं. आता हात घालायची सोय न्हाई. काच लागंल, सुई लागंल, काय लागंल भरोसा न्हाई. बारा वर्सांनी उकिरड्याचा बी पांग फिटतो म्हनत्यात, आमच्या उकिरड्याचं नशीब उलटं फिरलं.

आता, म्या ग्रामपंचायतीची मेंबर. कशी झाले ते लई सांगत न्हाई. बाईची जागा व्हती, हे म्हनले हुबी राहा, म्या राहिले, लोकायनं निवडून दिलं. चौथी शिकल्याली हाये. सही करते, अंगठा देत न्हाई.

त्या हप्त्याच्या बैठकीत ग्रामसेवक धर्मसिंग भाऊसाहेबानं दोन कागद टेबलावर ठुवले. कचऱ्यासाठी सरकारचा निधी आला व्हता आन् मार्चच्या आत कामाला लावायचा व्हता.

"पर्याय एक," भाऊसाहेब म्हनले, "कंपनी. रोज सकाळी टिपर येईल, घरोघरचा कचरा उचलेल, गायरानात खड्डा घेऊन त्यात टाकेल. वेगळं काही करायला नको, सगळं एकत्र द्यायचं. डोक्याला ताप नाही. पर्याय दोन, आपलं आपण. हातगाडी, दोन डबे. ओलं हिरव्यात, सुकं निळ्यात. ओलं खताला जाईल, सुकं निवडून विकायचं. स्वस्त आहे, पण लोकांनी घरातच वेगळं करून दिलं तरच चालेल."

"तिसरं बी हाये की," एक मेंबर म्हनला, "काडी लावायची. पेटवून मोकळं."

"मंग धूर तुझ्या घरात सोडू," म्या म्हनलं. "आन् भाऊसाहेब, त्यो टिपर हुबा कुठं राहील?"

भाऊसाहेबानं नकाशावर बोट ठुवलं. "ही गावाच्या कडेची मोकळी जागा. भंगार पडलेलं असतं ना, ती. तिथं शेड मारायचं."

ती जागा मोकळी न्हवती. ती फातिमाची व्हती.

कागदावर न्हाई, हे खरं. कागदावर पंचायतीचीच. पन तीस वर्सं फातिमाबी आन् तिचा मालक फारुकभाई तिथं भंगार निवडत्यात. फारुकभाई सायकलीवर हट्ट्याच्या बाजारापातुर फिरायचे, पार गावोगाव. मंग खुब्याचं हाड मोडलं आन् बसून राहिले. आता ते बसल्या जागी पोती शिवत्यात, आन् फातिमा लोखंडी आकडा घेऊन उकिरडे फिरती, निवडती, बांधती. महिन्याला वसमतहून गाडी येती आन् घेऊन जाती. पोरगा आतिफ नांदेडला असतो. दर फोनला एकच म्हनतो, अम्मी, सोडा ते आन् या इकडं. ती म्हनती, काम हाये तवर न्हाई. जागा गेली म्हंजी काम गेलं. काम गेलं म्हंजी फातिमा गेली.

आन् फातिमा गेली तर माझं काय? आमी दोघी एकाच उन्हाळ्यात ह्या गावात सुना म्हनून आलो. टँकरवर पान्याला संगंच जायचो. ती हंडा धरायची आन् म्या तोंड चालवायची. तीस वर्सं असंच चाललंय. सख्ख्या बहिनी बी इतकं टिकत न्हाईत.

म्या बैठकीत म्हनलं, "बघितल्याबिगर लगीन करू नका. आठ दिस वरल्या आळीत टिपर फिरू द्या, आठ दिस खालल्या आळीत आमी हातगाडी फिरवतो. फातिमाबी आन् म्या. मंग ठरवा."

सरपंच ज्योती माझ्या लेकीच्या वयाची, पन डोक्यानं पक्की. "काकू बराबर बोल्ल्या," ती म्हनली. भाऊसाहेबानं लिहून घेतलं. रोज सांजच्याला दोन्हीकडचं वजन करायचं, आन् ग्रामसभेत मांडायचं. वजनाचं आइकून म्या मान हलवली. तिथंच चुकले, पन तवा ध्यानात आलं न्हाई.

फातिमाकडं गेले तवा ती पन्नी निवडून राहिली व्हती. तिचं निवडनं बघावं. ती बघत न्हाई, आइकती. मुठीत चुरगाळती. चुरचुर वाजलं की एकीकडं, बसकं वाजलं की दुसरीकडं, वाजलंच न्हाई की तिसरीकडं. हाताला घट्टे, नखं काळी, आन् तोंड आपलं चालू.

"शकू, तू मेंबर हाये की मुकादम?" समदं आइकून ती म्हनली. "ह्या वयात मला गाडी ढकलाया लावती!"

"ढकलू की दोघी. जायाचं हाये का तुला नांदेडला?"

ती म्हनली, "तिसऱ्या मजल्यावर हाये त्याचं घर. खिडकीतून मानूस दिसत न्हाई, डोस्कीच दिसत्यात." आन् चहा टाकाया उठली.

फातिमाच्या चहाचं सांगायचं तर, दोन वर्सं झाले, त्यात साखर नसती. पयले चमचा हुबा राहावा असा करायची. आता नुसतं रंगाचं पानी. म्या दोनदा बोलून दाखवलं, ती दोन्ही टायमाला म्हनली, "आसंच पी." म्हनलं असंल बाई, हात आखडला असंल. फुका घ्यायचा त्याला नावं ठुवू ने. पन मनात ठुवलीच.

पयल्या दिशी आमी गाडी घेऊन निघालो. म्या पुढून वढते, फातिमा मागून ढकलती, फारुकभाई दारातून वरडत्यात, "धीरे, धीरे, चाक निकलेगा!" गाडीला घंटी न्हवती, म्या ताट वाजवत गेले.

खालल्या आळीत चाळीस उंबरे. समद्या बाया दारात. हसल्या, बोलल्या, फातिमाला चाची या, चाची बसा. आन् डब्यात काय टाकलं म्हनाल तर नारळाची करवंटी. कांद्याचा पाला. एकीनं दुधाच्या पिशव्या धुवून, दोरीवर वाळवून, घडी घालून दिल्या. एकीनं तर सुपात ज्वारीच आनली.

"आगं, ही ज्वारी हाये!"

"मंग चाचीला दारातून रिकामी कशी धाडू?"

फातिमानं कपाळाला हात लावला. ज्वारी परत दिली तर ती बाई रुसंल, म्हनून पदरात घेतली. सांजच्याला काट्यावर आमची गाडी भरली सहा किलो. टिपर भरला दीडशे.

दुसऱ्या दिशी बी तेच. तिसऱ्या दिशी दोन-चार जनींनी पन्नीच्या पिशव्या दिल्या, पन त्याला गाठी कशा? एकीवर एक, एकीवर एक. फातिमा दारात गाठ कधी सोडत न्हाई. घरी नेऊन दाभनानं एक एक उकलती, पिशवी फाटू देत न्हाई. त्या पिशव्यांत निघाली राख. नुसती राख, तीन गाठी मारून!

म्या तापले. आळीच्या तोंडाला हुबी राहून बोल्ले, "तुमच्या घरात शांपू लागत न्हाई व्हय? बिस्कुटं खात न्हाई? लेकराचं दुपटं धुता का अजून, का बाजारातलं बांधता? कुठं जातंय ते समदं?" बाया खाली मान घालून हसल्या आन् एक एक करून आत गेल्या.

कुठं जातंय ते पाचव्या दिशी कळलं. सकाळी हळद शिजवायला लवकर रानात निघाले व्हते. मारुतीच्या पाराम्होरं वरल्या आळीचा टिपर गानं वाजवत हुबा. आन् बघते तर आमच्या आळीची पेमा, पदराखाली कायतरी धरून, तुरुतुरु टिपराकडं निघाल्याली. गाठीची पिशवी तिनं टिपरात भिरकावली. आत काच वाजली.

"पेमा!"

ती दचकली. रडकुंडीलाच आली. "शकुबाई, तुमी बघितलं न्हाई म्हना."

"आगं पन काय हाये त्यात?"

"धाकट्या पोराच्या बाटल्या." तिनं आवाज खाली केला. "त्याची सोयरीक चालू हाये. चाची एक एक वस्तू हातानं निवडती. तिनं बघितल्या तर?"

"आन् हा ड्रायव्हर बघत न्हाई?"

"बघू दे की. त्यो मला कुठं वळखतो?"

टिपर पुढं सरकला. पेमा म्हनली, "चाचीबद्दल माझं काही न्हाई हो. दुपारी जाते तिच्याकडं, पाकावानी ग्वाड चहा देती. पन आपल्या मान्साच्या हातात आपली घान कशी द्यावी? म्या एकलीच न्हाई. समद्या येतेत हितं."

म्हंजी आमचाच कचरा वरल्या आळीच्या वजनात चढून राहिला व्हता.

दिवसभर कढईपाशी हळद हलवली. वाफेनं डोळे चुरचुरले, पिवळे थेंब लुगड्यावर उडाले, आन् डोस्क्यात पेमाचंच बोलनं. पेमाला शिव्या द्याव्या तर तोंड न्हाई. काहून की म्या बी त्यातलीच.

आता लपवून काय करू, सांगते. मला साखरेचा आजार हाये. तीन वर्सांपासून. आमच्या लेकाची, स्वप्निलची, सोयरीक बघत व्हतो तवा बाळापूरच्या दवाखान्यात कळलं. घरात आजार हाये म्हनलं की पोरगी देनारे पाय मागं घेतेत, म्हनून गप बसले. लगीन झालं, पुनम आली, तवर गप बसायची सवय लागली. ह्यायला सांगितलं तर हे रडतेत, आधीच गडी मनानं हलका हाये. भावाला भेटायला चालले म्हनून दर महिन्याला बाळापूरला जाते आन् गोळ्या आनते. रिकाम्या पट्ट्या चिंधीत बांधायच्या, तीन गाठी मारायच्या आन् आपल्या उकिरड्यात राखेच्या तळाशी घालायच्या. आन् ही म्या, आळीत हुबी राहून बायायला इचारते, कुठं जातंय तुमचं!

आठव्या दिशी वजनाचा कागद तयार झाला. टिपर, बारा क्विंटल. हातगाडी, अर्धा क्विंटल बी न्हाई. भाऊसाहेब वाईट मानूस न्हाईत. म्हनले, "शकुबाई, आकडे हे असे आहेत. उद्या ग्रामसभेत वाचावे लागतील."

तशीच फातिमाकडं गेले. फारुकभाई बाहेर बाजेवर बसल्याले. आत फातिमानं पोती बांधून ठुवली व्हती, आन् लोखंडी आकडा बी फडक्यात गुंडाळला व्हता.

"हे काय करून राहिली?"

"आतिफ यायलाय ऐतवारी. हळूहळू बांधलेलं बरं."

"अजून सभा झाली न्हाई!"

"वजन तर झालं ना." ती शांत व्हती. तिनं चहा दिला. म्या घोट घेतला. तेच पानी. मला काय झालं काय म्हाईत, समदा राग त्या कपावर निघाला.

"जाता जाता तरी साखर घाल की गं! पेमाला पाकावानी ग्वाड आन् मला हे? तीस वर्सं संगं राह्यले त्याचं हे? चिमूटभर साखरंला म्हाग झाले व्हय म्या तुला?"

"न्हाई घालनार."

"काहून?"

फातिमानं दाराकडं बघितलं. फारुकभाईला आइकू जाऊ ने म्हनून जवळ सरकली.

"हिरव्या पट्टीच्या गोळ्या," ती म्हनली. "फारुकच्या बी त्याच हायेत. राखेच्या बुडाला घालती तू. तुझ्या निळ्या लुगड्याच्या चिंधीत."

म्या कप खाली ठुवला.

"दुसऱ्याच्या असतील," म्या म्हनलं.

"शकू, तुझी गाठ म्या वळखत न्हाई व्हय? डाव्या अंगाची, त्यावर अजून दोन. टँकरवर हंड्याची दोरी तूच बांधायची ना?"

"दोन वर्सं ठाव हाये तुला?"

"व्हय."

"कोनाला बोल्ली?"

"कोनाला बोलू? फारुकला बी न्हाई. मला समद्या गावाचं ठाव हाये, शकू. कोन पितं, कोन औषध घेतं, कोनाच्या घरी पाळना हलत न्हाई म्हनून काय काय करतेत. उकिरडा समदं सांगतो. अल्ला कसम, ह्या तोंडातून एक शब्द गेला असंल तर." ती अजून जवळ सरकली. "तुला सांगावं वाटलं व्हतं. मंग म्हनलं, तू लपवती तर लपवू दे. साखर तेवढी माझ्या हातात हाये."

म्या रडले. सांगायला लाज कशाची? पदर डोळ्याला लावून, हुंदके देऊन रडले. फारुकभाई बाहेरून इचारायले, "क्या हुआ?" फातिमा म्हनली, "कुछ नहीं, चाय गरम थी." उरल्याला चहा गार झाला तरी म्या पिऊन टाकला.

दुसऱ्या दिशी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा. गडी पुढं, बाया मागं भितीला टेकून. फातिमा पार दारापाशी, फारुकभाईला धरून. हे गड्यांमधी बसले व्हते, गाल फुगवून गप. कंपनीचा पोरगा इस्त्रीचा सदरा घालून आल्ता. भाऊसाहेबानं आकडे वाचले. पोरगा म्हनला, "बघा, बारा क्विंटल. आकडे बोलतात."

वरल्या आळीचे लोक म्हनले, बरं हाये कंपनीचं, दारातून जातंय, बघायला नगं. हे तेवढं गालातल्या गालात बोल्ले, "तुमच्या खड्ड्यातली पन्नी वाऱ्यानं माझ्याच रानात यायली." पन ते कोनी मनावर घेतलं न्हाई. ज्योतीनं इचारलं, "कोनाला काही बोलायचं हाये?"

पेमा जमिनीकडं बघून राहिल्याली. म्या मनात म्हनलं, पेमाचं सांगायला ती पेमाची गोष्ट हाये. मपलं सांगायला मला कोन अडवतंय? हुबी राहिले.

"वजनाचं सोडा," म्या म्हनलं. "बारा क्विंटलात अर्धी राख-माती हाये, आन् खालल्या आळीचं बी हाये त्यात. काहून की आमी बाया आपला कचरा चोरून टिपरात टाकून राहिलो. ड्रायव्हर आपल्याला वळखत न्हाई, आन् फातिमाबी वळखती. आपल्या घरातलं तिला कळंल, ह्याची भीती."

मागं कुजबूज झाली.

"मला साखरेचा आजार हाये. तीन वर्सांपासून."

ह्यायनं गर्रकन मान वळवली. त्यांच्याकडं बघितलं असतं तर माझ्यानं पुढं बोलवलं नसतं, म्हनून म्या भाऊसाहेबाच्या टेबलाकडं बघून बोल्ले.

"माझ्या मालकाला ठाव न्हाई. लेकाला न्हाई, सुनंला न्हाई. गोळ्यांच्या पट्ट्या म्या राखेत पुरत व्हते. त्या फातिमाबीला घावल्या, दोन वर्सांमागं. दोन वर्सं तिनं कोनाला सांगितलं न्हाई. मला बी न्हाई. फकस्त माझ्या चहात साखर घालनं बंद केलं. आन् म्या तिला चिंगूस म्हनत राहिले. आता तुमी सांगा बायांनो. तीस वर्सं तिनं तुमचे उकिरडे निवडले. तुमच्या घरातलं तिला आजच कळनार हाये का? आन् तिच्या तोंडातून आजवर कोनी काही आइकलं का?"

फातिमानं पदर पुढं वढून तोंड झाकलं.

पेमा उठली. तिला कधी सभेत बोलताना कोनी बघितलं न्हवतं. ती म्हनली, "हातगाडीच ठुवा," आन् मटकन खाली बसली. मंग तिच्या शेजारची उठली. मंग तिच्या शेजारची. ज्योतीनं हात वर करायला सांगितले तवा खालल्या आळीचे समदे वर, आन् वरल्या आळीतल्या बायायचे बी, आपल्या गड्यायकडं न बघता. धर्मसिंग भाऊसाहेबानं दोनदा मोजले आन् कंपनीचा कागद खाली घातला.

घरी येताना हे चार पावलं पुढं, म्या मागं. म्हनलं, आता भडका उडतो. दारात पोचलो, पुनमनं पानी आनून दिलं, तांब्या तसाच हातात धरून हे ओसरीवर बसले.

"तीन वर्सं?"

"व्हय."

"दर बाजाराला हट्ट्याहून तुझ्यासाठी जिलबी आनतो म्या." त्यांचा आवाज चिरकला. "आन् तू खात व्हतीस?"

"एक खायची. बाकीची शेळीला."

"शेळीला!" ते म्हनले, आन् मंग खरंच रडले. म्या म्हनलं न्हवतं का, गडी हलका हाये म्हनून. पुनमनं त्यायला बी पानी दिलं, मला बी दिलं, आन् डब्यातली साखर उचलून वरच्या फळीवर ठुवली.

सकाळी आमी गाडी काढली. फातिमानं आकडा फडक्यातून सोडून कंबरेला खोसला व्हता. तिनं आतिफला फोनवर काय सांगितलं म्या इचारलं न्हाई, पन फारुकभाई दारातून वरडत व्हते, "धीरे, चाक निकलेगा!" म्या ताट वाजवलं. पयल्याच दारात पिशवी आली. मंग दुसऱ्या. पेमानं बाटल्यांची पिशवी आनली, फातिमाच्या हातात दिली, आन् तिच्याकडं बघत हुबी राहिली. पिशवीला गाठ न्हवती. फातिमानं बाटल्या एक एक करून निळ्या डब्यात ठुवल्या आन् इचारलं, "धाकट्याची तारीख कवा हाये?" पेमा म्हनली, "अक्षय तृतीयेची बघून राहिलो." बास, तेवढंच.

आमच्या दारापातुर येस्तोवर गाडी इतकी जड झाली की वढवंना. तवर हे गोठ्यातून बाहेर आले. काखेत एक पोतं. कडब्याच्या गंजीतून काढल्यालं, त्याला कडबा चिकटल्याला. आले, आन् गाडीवर पोत्याचं तोंड उघडं करून धरलं.

गुटख्याच्या पुड्या. शंभर असतील का दोनशे, मोजल्या न्हाईत.

म्या आ वासला. "अर्र! म्हंजी माझ्या हळदीत... आन् बांधावर हुबं राहून शिव्या कोनाला घालत व्हता तुमी?"

ते माझ्याकडं बघंनात. फातिमाकडं बघून म्हनले, "भाबी, तुमाला ठाव व्हतं?"

फातिमानं पोतं निळ्या डब्यात रिकामं केलं, झटकलं, घडी घातली आन् त्यांच्या हातात परत दिलं.

"मला कुठं वाचता येतंय, भाई," ती म्हनली, आन् गाडी पुढं ढकलली.